दहा मीटरच्या आत

मोंतेविदेओ, ४ मार्च २०२४

प्रिय पाद्रिनो,

तुमचं पत्र शुक्रवारच्या बसने आलं. सोबतची मेंब्रिल्यो फळाची वडी वाटेत चिरडली नाही.

पत्र पाहून आश्चर्य वाटलं. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून तुम्ही मला हातात धरलंत, त्याला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्ही मला एक ओळही लिहिलेली नाही. बाबा गेल्यावर दर रविवारी संध्याकाळी सातला फोन करायचा, हे तुम्हीच ठरवलं होतंत. नोव्हेंबरपासून तो फोन बंद आहे. गावात रेंज येत नाही, असं तुम्ही लिहिता. मी नकाशा पाहिला. तुमच्या घराला पूर्ण रेंज आहे. फक्त नोंद करते. पत्र तर पत्र.

कामाचं विचारलंत. कंपनीने तुमच्या धरणावर ब्लूटूथची उपकरणं बसवायला घेतली आहेत आणि त्यांची सुरक्षितता माझ्याकडे आहे. प्रत्येक टर्बाइनच्या बेअरिंगवर काडेपेटीएवढा एक सेन्सर चिकटवलाय. माणूस टॅब्लेट घेऊन जवळून गेला की सेन्सर त्याला कंपनं आणि तापमान सांगतो. केबल नाही, ओल्या भुयारात रांगत जाऊन काटा वाचणं नाही. बाबांचा गुडघा त्या भुयारातच गेला होता, त्यामुळे हे काम मी कंटाळून करत नाही.

पण जे हवेतून बोलतं ते कुणीही ऐकू शकतं. म्हणून कंट्रोल रूमसाठी नियम मी लिहिलेत. फोन, घड्याळ, हेडफोन, सगळं बाहेरच्या कपाटात. येर्बाचा काढा प्यायच्या सामानाची पिशवी मात्र आत नेता येईल, तीही न उघडता. त्या कलमासाठी मी दोन बैठका भांडले. वरिष्ठही याच देशातले, येर्बा पिणारे, तरी नियम कागदावर आला की माणसं विसरतात. थर्मास आणि तुंबा दाराशी ठेवायला लावला असता, तर तुमच्या शिफ्टने धरण बंद पाडलं असतं.

माझी खोली ठीक आहे. परवा घरी रिसीव्हर तपासत होते. इमारतीत एकतीस उपकरणं सापडली, बहुतेकांना माणसांची नावं दिलेली. त्यातली एकही व्यक्ती मला माहीत नाही.

तिसऱ्या यंत्राची कुरकुर अजून तुम्हालाच आधी ऐकू येते, की सेन्सरने तुम्हाला हरवलं?

तुमची,
हिमेना


पासो गार्सा, १५ मार्च

प्रिय पोरी,

नकाशात रेंज पूर्ण असेल. नकाशात इथे एक रेल्वे स्टेशनही आहे, तिथे गेली वीस वर्षं मेंढ्या राहतात. तुझ्या नकाशाला सांग, एकदा येऊन बघ म्हणावं.

आणि पत्राला काय वाईट आहे? हाताला व्यायाम होतो. फोनवर तू "हो", "नाही", "ठीक आहे" एवढंच बोलायचीस. पत्रात निदान पान भरतेस.

येर्बाचं कलम मी शिफ्टला वाचून दाखवलं. नीबिया म्हणाली, "ह्या पोरीला आमदार करा." आमच्या शिफ्टला अजून तीच येर्बा ओतते. तेवीस वर्षं झाली, अजून पाणी जास्त गरम करते, आणि सांगायची सोय नाही. मी हल्ली माझ्या बापाची जुनी बेरेट टोपी घालतो, कानांपर्यंत ओढून. नीबिया म्हणते शोभत नाही. शोभायला मी काय नवरदेव आहे?

तिसऱ्या यंत्राचं तुझ्या काडेपेटीलाच विचार. ती तरुण आहे.

कुत्रा जानेवारीत गेला, हे तुला कळवलं नव्हतं. म्हातारा झाला होता. घर फार शांत झालंय. इतकी शांतता आधी कधी नव्हती. पेन्शनला चौदा महिने उरले. तेवढे धरणाच्या दरवाज्यांच्या टेबलापाशी बसून काढले, की मग नदीवर गळ टाकून बसेन. माशांना बोलता येत नाही, हे बरं आहे.

दुपारच्या बसने आणखी वडी पाठवतोय. खा. मागच्या वेळी हाडं दिसत होती.

तुझा,
विल्मार


मोंतेविदेओ, २ एप्रिल

प्रिय पाद्रिनो,

कुत्र्याचं वाचून वाईट वाटलं. तो माझ्याच हातून घरात आला होता. तुम्ही अडीच महिन्यांनी कळवलंत.

हे पत्र मुद्दाम बसने पाठवते आहे, कंपनीच्या मेलने नाही. वाचून झाल्यावर घरीच ठेवा.

तुमच्या कंट्रोल रूममध्ये मी एक रिसीव्हर बसवला आहे. जवळपास जे जे उपकरण बोलतं, त्याची तो यादी करतो. सेन्सर, टॅब्लेट, दाराचं कुलूप, सगळी माझ्या ओळखीची आहेत. एक नाही. ते फक्त तुमच्या शिफ्टमध्ये येतं. सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना सुरू होतं आणि दोनला बंद. तुमची सुट्टी असली की तेही नसतं. ते आवाज पाठवतं, सलग आठ तास. त्याची चावी चार शून्यं आहे, म्हणजे चावी नाहीच. जो विचारेल त्याला ते ऐकू देतं, आणि एकाच वेळी दोघांना.

अशा वस्तूंच्या डब्यावर "दहा मीटरच्या आत" असं लिहिलेलं असतं. लोक त्यावर विश्वास ठेवतात. चांगला अँटेना असला तर पार्किंगमध्ये गाडीत बसूनही ऐकता येतं.

ऐकण्याचंही मला एवढं नाही. ज्याला ऐकता येतं त्याला बोलताही येतं. शिफ्टमधला कुणी ते कानाला लावून बसला असेल आणि बाहेरच्याने त्याच्या कानात "दोन नंबरचा दरवाजा अर्धा मीटर उघडा" असं म्हटलं, तर तो आवाज मुख्य केंद्राचा नाही, हे त्याला कसं कळणार? गेल्या आठवड्यात, ईस्टरआधीच्या तुरिस्मोच्या सुट्टीत, धरणाखालच्या वाळूवर चाळीसेक तंबू होते. मी चित्रफितीत मोजले.

शिफ्टचे प्रमुख तुम्ही आहात. हे कुणाचं आहे ते तुम्हाला ठाऊक असणार. मला नाव सांगा. २९ एप्रिलला मला अहवाल द्यायचा आहे. त्याआधी कळलं, तर त्या माणसाशी बोलता येईल. नंतर त्याच्याशी कंपनीच बोलेल.

हिमेना


पासो गार्सा, ११ एप्रिल

प्रिय पोरी,

वाढदिवसाच्या शुभेच्छा. दोन दिवस उशिरा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आमच्यात चोर नाही. नीबियाला तू ओळखतेस, बाकीचे दोघे तुझ्या बापाच्या शवपेटीला खांदा दिलेले. कुणी फुटबॉल ऐकत असेल. एखाद्या म्हाताऱ्याचं खेळणं असेल. धरणावर आठ तास पाण्याकडे बघत बसणं काय असतं, ते तुमच्या सातव्या मजल्यावरून दिसत नाही.

तंबूंचं मात्र तू बरोबर लिहिलंस. ते माझ्या मनात आलं नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात होतं.

एक विचारतो. त्या माणसाने ते आपणहून बंद केलं, परत कधी आणलंच नाही, तर तुझी यादी विसरेल का?

विल्मार


मोंतेविदेओ, २० एप्रिल

प्रिय पाद्रिनो,

नाही. यादी विसरत नाही. मीच ती तशी बनवली आहे.

शिवाय ते बंदही झालेलं नाही. तुमच्या पत्रानंतर दोन दिवस ते नव्हतं. तिसऱ्या दिवशी परत आलं. म्हणजे तुम्ही त्या माणसाशी बोललात, त्याने ऐकलं, आणि मग त्याला राहवलं नाही. तुम्ही त्याला पाठीशी घालताय. फुटबॉलसाठी सकाळी सहाला कुणी कानाला काही लावत नाही.

वाढदिवसाबद्दल. मी त्या दिवशी तुम्हाला तीन वेळा फोन केला. पूर्ण रिंग वाजली. म्हणजे रेंज होती. दुपारी एकदा मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला, बारा सेकंदांचा. पलीकडून कुणी बोललं नाही. अनोळखी नंबरला मी आधी बोलत नाही, कामाची सवय आहे. दिवसभरात दुसऱ्या कुणीही फोन केला नाही. तक्रार नाही, घडलं ते लिहिते आहे.

तुम्ही नाव दिलं नाहीत, म्हणून मी नियमाने करायचं ते केलं. फागुंदेस नावाच्या तंत्रज्ञाला १८ तारखेला तुमच्या पार्किंगमध्ये बसवलं. त्याने अकरा मिनिटं रेकॉर्ड केली. गाडीत बसून, खिडकी न उघडता. तो म्हणाला, "बाई, हे चोरणं नव्हे, हे रेडिओ लावण्याइतकं सोपं आहे." फाइल माझ्याकडे आली आहे. सोमवारी ऐकेन.

तोपर्यंत तुम्हाला लिहायचं असेल तर वेळ आहे.

हिमेना


मोंतेविदेओ, २२ एप्रिल

प्रिय पाद्रिनो,

ऐकलं.

नियमाप्रमाणे ऐकलं ते लिहून काढावं लागतं. खाली लिहिते आहे तो भाग अहवालात जाणार नाही. तो फक्त तुमच्यासाठी आहे.

आधी पाणी ओतल्याचा आवाज, अगदी जवळून. मग नळीने शेवटचा घोट ओढल्याचा. तिथेच मला कळलं की मायक्रोफोन कुठे आहे. येर्बाच्या पिशवीच्या पट्ट्याला. या देशात कुणी पहारेकरी माणसाला येर्बाची पिशवी उघडायला सांगत नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही. ते कलम माझं आहे, तेव्हा ही चूकही माझी.

मग नीबियाचा आवाज, नको इतका मोठा.

"ए विल्मार! येतंय का ऐकू? पिशवीत तोंड घालून बोलू का अजून?"

"ओरडू नकोस गं, यंत्रातून येतंय, कानात फुटतं."

"पूर्वी ओरडले तरी वळायचा नाहीस. आता साहेबांना हळू हवंय."

कुणीतरी हसलं. मग मुख्य केंद्राचा रेडिओ: दोन नंबरचा दरवाजा, वीस सेंटिमीटर, दहा वाजून पाच मिनिटांनी. तुम्ही ते शब्द न शब्द परत म्हटलंत. मी घड्याळ लावून पाहिलं. दरवाजा दहा वाजून पाच मिनिटांनी वीस सेंटिमीटर उघडला. चूक नाही.

त्यानंतर सात मिनिटं फक्त पाणी ओतल्याचे आणि घोटांचे आवाज. मग नीबिया.

"पोरीला सांगून टाक ना."

"सांगून काय करू? तिला लिहावंच लागेल. न लिहिणारी असती तर मला आवडली नसती."

"मग निदान फोन तरी उचल तिचा. वाढदिवसाला रडवलीस."

"केला होता की. इथून, ऑफिसच्या फोनवरून. कानाला लावून बसलो, मायक्रोफोन पिशवीवरच. तिने उचलला की नाही, तेच कळेना. ती काही बोलली असेल. मी आपला ऐकत बसलो, कुठून तरी थोडं येईल म्हणून. मग ठेवून दिला."

बारा सेकंद. ती काही बोलली नव्हती, पाद्रिनो. तुम्ही बोलला असतात तर मला ऐकू आलं असतं. मी बोलले असते तर तुम्हाला आलं नसतं. त्यामुळे बोलायचं कुणी होतं, हे उघड आहे, पण तेव्हा आपल्या दोघांनाही ते माहीत नव्हतं.

फागुंदेसने फाइल उघडून ऐकली नसावी. मी त्याला विचारलेलं नाही.

आता कामाचं. ते यंत्र कानात असताना तुम्ही त्या टेबलासाठी योग्य आहात. ते कानात असताना पार्किंगमधला कोणताही माणूस तुमच्या कानात बोलू शकतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मला लिहावं लागेल. अहवालातून मी तुमची ओळ काढू शकत नाही. त्या ओळीत काय असेल, ते थोडंफार माझ्या हातात आहे. २९ च्या आधी तुम्ही स्वतः कंपनीच्या डॉक्टरकडे गेलात, तर ती "लपवलेलं उपकरण" अशी राहणार नाही.

एक विचारायचं आहे आणि याचं उत्तर अहवालासाठी नको. कधीपासून?

हिमेना


पासो गार्सा, २६ एप्रिल

प्रिय पोरी,

पार्सलमध्ये येर्बाचं पुडकं आहे, ते चहा म्हणून पिऊ नकोस. आत ते यंत्र आहे. मायक्रोफोन आणि कानातला तुकडा, दोन्ही. यादी पुरी करायला वस्तू हातात लागते, हे मीच तुला शिकवलंय. तू नऊ वर्षांची होतीस, माझा रेडिओ उघडून बसली होतीस आणि एक स्क्रू कमी पडत होता.

काल डॉक्टरकडे गेलो. त्याने कानात काहीबाही वाजवलं, मी अंदाजाने मान हलवत होतो. तो लिहायला लागला तेव्हा मीच म्हटलं, "बाबा, थांब, मी सगळं सांगतो." आजपासून टेबलावर नीबिया. मला घरी बसवलंय, निकाल लागेपर्यंत.

कधीपासून, विचारतेस. ऐकू येणं कमी तर दोन-तीन वर्षं होत होतं. पण मला कळलं ते नोव्हेंबरात. तुझी काडेपेटी नुकतीच लागली होती तिसऱ्या यंत्रावर. मी तिथेच उभा होतो, पाच पावलांवर. टॅब्लेटवर लाल दिवा लागला, बेअरिंग घासतंय म्हणून. मी पोरांना म्हटलं, "काही नाही, यंत्र साफ आहे, मला ऐकू येतंय." सगळे माझ्याकडे बघत राहिले. नीबियाने माझा दंड धरला आणि कानाशी येऊन सांगितलं, "विल्मार, ते किंचाळतंय." यंत्र वेळेवर थांबवलं. उघडलं तर बेअरिंग निम्मं खाल्लेलं. काडेपेटी नसती, तर माझ्या शब्दावर चालू राहिलं असतं.

तेवीस वर्षं लोक मला विचारायला येत होते, आज तिसरं काय म्हणतंय म्हणून. त्या रविवारी तुझा आवाज असा आला, जसं कुणी उशीखाली बोलतंय. तू काहीतरी सांगत होतीस, मी "हो हो" म्हणत होतो. तू विचारलंस, "काय हो हो?" पुढच्या रविवारी फोन केला नाही.

शिफ्टने वर्गणी काढली नाही, काही नाही. नीबियाने तिच्या आईचं जुनं यंत्र आणून दिलं आणि म्हणाली, "घाल, आणि येर्बा पी."

कुणावर रागावू नकोस. फागुंदेसवरही नाही.

घरात आता अजिबातच काही ऐकू येत नाही. भांडं पडलं की मांजर पळते, त्यावरून कळतं. मांजर शेजारणीची.

विल्मार


मोंतेविदेओ, ९ मे

प्रिय पाद्रिनो,

अहवाल दिला. तुमची ओळ जशी आहे तशी लिहिते:

"उपकरण ११. श्रवणयंत्राचा जोड. धोका: चावी नाही, बाहेरून ऐकता आणि बोलता येतं. कारण: येर्बाची पिशवी न तपासण्याचं कलम, लेखक हि. ओलाइसोला. वापरणाऱ्याने स्वतः जाहीर केलं. उपकरणामुळे काम बिनचूक झाल्याच्या नोंदी जोडल्या आहेत. शिफारस: श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना चावी असलेली उपकरणं कंपनीने द्यावीत."

शिफारस मान्य झाली. टेबल परत मिळणार नाही. मी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा मला बाहेर थांबायला सांगितलं. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर मीही नाहीच म्हटलं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. कलमही बदललं. पिशवी आता उघडून दाखवावी लागेल. नीबिया मला आमदार करणार नाही.

तुमचे उरलेले महिने टर्बाइनच्या मजल्यावर आहेत. टॅब्लेट घेऊन रोज सगळे सेन्सर वाचायचे आणि प्रत्येक यंत्रावर तळहात ठेवून काय वाटतं ते वहीत लिहायचं. दुसरा भाग मी घातला आहे. कंपनं हाताला कळतात, त्याला कान लागत नाही. चार महिन्यांनी तुमची वही आणि सेन्सरचे आकडे मी शेजारी ठेवून बघणार आहे.

तुमचं जुनं यंत्र पुरावा म्हणून कपाटात गेलं. कुलूप लावायच्या आधी मी ते एकदा चालू केलं आणि कानाला लावलं. खोलीत कुणी नव्हतं. पंखा ऐकू आला.

नवं यंत्र मी आणलं आहे. त्याला सहा आकड्यांची चावी आहे. ती पत्रात लिहायची नाही, फोनवर सांगायची नाही, बसने पाठवायची नाही. ती समोर बसून द्यावी लागते. पहिल्यांदा जोडताना मायक्रोफोन आणि कानातला तुकडा एका हाताच्या अंतरात लागतात. नियम माझाच आहे, पण हा मला सोयीचा पडला.

शनिवारी दुपारच्या बसने येते आहे. पार्सलसारखं उतरवून घ्यायला या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू. मायक्रोफोन माझ्याकडे असेल. तुम्ही फक्त कानाला लावून बसा, बारा सेकंद लागले तरी.

आधी मी बोलेन.

तुमची,
हिमेना